पावणेपाच एमएफडी

सीलिंग फॅन पाचावर ठेवला तरी दोनाच्या वेगानं फिरायला लागला, की आपल्याकडे कुणी मोटर खोलत बसत नाही. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जायचं, 'अडीचचा कपॅसिटर द्या' म्हणायचं, ५० ची नोट द्यायची, दोन वायरी पिळून टेप मारायचा. पंखा पुन्हा पाचावर. जुन्या स्पीकरचं दुखणं बऱ्याचदा एवढंच असतं आणि औषधही हेच. फरक इतकाच की पंखा मंद झालेला डोळ्यांना दिसतो. स्पीकर मात्र दरवर्षी चिमूटभर मुका होत जातो आणि आपला कान रोज त्याच्याशी जुळवून घेत जातो. दहा-पंधरा वर्षांत घरात कुणाला काही कळतच नाही.

आण्णांना कळलं. म्हणजे, आम्हाला तसं वाटलं.

फोनवर म्हणाले, "बॉक्सातला टाळ गेलाय बग. पखवाज वाजतोय, बुवा म्हणत्यात, पण टाळ न्हाई. दिवाळीला आलीस की खोलून बघ जरा."

इचलकरंजीत आमच्याकडे स्पीकरला बॉक्सच म्हणतात. ही जोडी १९८० च्या आसपासची, देशी बनावटीची. आठ इंची वूफर, वर कागदी कोनाचा बारका ट्वीटर, पुढे तपकिरी जाळीचं कापड. बनवणारी कंपनी मी शाळेत जायच्या आधीच बंद पडली. आण्णांच्या मालकांनी घरी सीडीवाली नवी सिस्टीम आणली तेव्हा हे बॉक्स त्यांनी दिवाळीच्या बोनसमधून कापून आण्णांना दिले. आई अजून त्या बोनसचा हिशेब काढते. आण्णांनी मात्र त्यावर अभंग, भजनं, नाट्यगीतं असं सगळं इतकं ऐकलं, की माझ्या लहानपणाच्या आठवणींना मागून पखवाज वाजतो.

आण्णा जॉबर. यंत्रमागाच्या शेडमध्ये माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस म्हणजे जॉबर. ३४ वर्षं, बहुतेक बारा-बारा तासांच्या पाळ्या. ज्यांनी चालू शेड पाहिलेली नाही त्यांना तो आवाज सांगून कळणार नाही. प्रत्येक मागावर लाकडी धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो, आणि असे सोळा माग एका पत्र्याखाली. आत कुणी बोलत नाही. हातवारे, शिट्ट्या, नाहीतर कानाला तोंड लावून ओरडणं. आणि या गदारोळात आण्णांची ख्याती अशी की शेडच्या दारात उभं राहून ते सांगायचे, सात नंबरचा फटका हुकतोय, अकरा नंबरला धोटा अडतोय. कानाचा माणूस. त्यामुळे टाळ गेला म्हणाले तर गेलाच असणार. घरात कुणी शंका घेतली नाही.

मी सांगलीत ई अँड टीसी केलं आणि कामाला लागले सॉफ्टवेअरमध्ये, पुण्यात. सोल्डरिंग आयर्न शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टनंतर कपाटात गेलं होतं. ते मी लॉकडाऊनमध्ये बाहेर काढलं आणि तेव्हापासून जुने स्पीकर उघडणं हा माझा शनिवारचा उद्योग आहे. कोडिंगमध्ये दिवसभर काम करून हातात काही येत नाही. इथे निदान बोट तरी भाजतं.

तर आधी क्रॉसओव्हर म्हणजे काय ते सांगते.

क्रॉसओव्हर म्हणजे वाटणी. ॲम्प्लिफायरमधून येणाऱ्या दोन वायरींत सगळं एकत्र असतं, पखवाजाची घुमही आणि टाळेची किणकिणही. वूफर जड, थोराड. त्याला जलद थरथरणं जमत नाही. ट्वीटर चपळ, पण नाजूक. त्याच्या कॉइलची तार केसासारखी, पखवाजाची एक थाप थेट त्याच्याकडे गेली तर जळून जाईल. म्हणून खोक्याच्या आत, मागच्या फळीला, एक छोटीशी पाटी असते आणि तिथे भावकी न भांडता वेगळी होते. वूफरच्या वाटेत तारेचं वेटोळं, ते वरचे सूर अडवतं. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर, तो खालचे सूर अडवतो. ट्वीटर वूफरपेक्षा मोठ्यानं ओरडत असेल तर त्याला आवरायला एक रेझिस्टर. आण्णांच्या बॉक्समध्ये एवढंच होतं: एक वेटोळं, एक ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एक २.२ ओहमचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर.

वाटणी कुठे होते ते कपॅसिटर ठरवतो. ८ ओहमचा ट्वीटर, त्याआधीचे २.२ ओहम आणि ४.७ मायक्रोफॅरड यांचं गणित मांडलं तर आकडा येतो साधारण ३३०० हर्ट्झ. (ट्वीटरचा रोध प्रत्येक सुराला बदलतो, त्यामुळे हे गणित अंदाजाचं. पण सुरुवातीला पुरेसं.) ३३०० हर्ट्झच्या खाली पखवाज, पेटी, बुवांच्या गळ्याचा मुख्य ऐवज. वर टाळ, चिपळ्या, तंबोऱ्याची जवारी, आणि 'स', 'श', 'फ' या अक्षरांचा सगळा जीव. हा शेवटचा मुद्दा पुढे लागणार आहे.

त्या काळातल्या स्वस्त-महाग बहुतेक स्पीकरमध्ये इथे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असायचा. आत ॲल्युमिनियमची पट्टी, ओला कागद, वरून सील. चाळीस वर्षांत तो कागद सुकतो. सुकला की दोन गोष्टी होतात. एक, कपॅसिटरची किंमत सरकते. दोन, आणि हे जास्त वाईट, त्याच्या पोटात नको असलेला रोध तयार होतो. म्हणजे ट्वीटरच्या वाटेत कुणी न सांगता आणखी एक रेझिस्टर बसवल्यासारखं. आवाज बंद पडत नाही, फाटत नाही. नुसता वरचा उजेड कमी होतो. खोलीतली ट्यूबलाइट काढून कुणी शून्याचा बल्ब लावावा तसा.

आता या छंदातल्या लोकांबद्दल थोडं, कारण माझी त्यांच्याशी भांडणं होतात. जुना स्पीकर हातात आला की पहिला विचार काय, तर क्रॉसओव्हर 'अपग्रेड' करू. जास्त भाग, महाग भाग, हजारो रुपयांचे तेलात बुडवलेले कपॅसिटर. मला हे पटत नाही. १९७० साली आलेला जेबीएलचा एल-१०० घ्या. स्टुडिओतल्या ४३१० मॉनिटरची घरगुती आवृत्ती, अमेरिकेत धो धो खपलेला, बारा इंची पांढरा वूफर. त्याच्या क्रॉसओव्हरमध्ये ट्वीटरला एक आणि मिडरेंजला एक असे फक्त दोन कपॅसिटर, आणि आवाज कमी-जास्त करायची दोन बटणं. वूफरच्या वाटेत काहीही नाही! वेटोळंसुद्धा नाही. पुस्तकात बघितलं तर चूक. पण तो वूफर बनवतानाच असा बनवला होता की वरच्या सुरांना तो आपोआप थकतो. वाटणीचा निम्मा कागद वूफरच्या कोनावर लिहिलेला होता. त्याच्यात आज कुणी 'राहून गेलेलं' वेटोळं बसवलं तर तो सुधारलेला एल-१०० होत नाही, तो दुसराच कुठला तरी स्पीकर होतो. डेन्मार्कमध्ये बनलेला आणि डायनाकोनं विकलेला ए-२५ही असाच काटकसरी. मागे पाच टप्प्यांचा एक स्विच, ट्वीटर किती हवा ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आणि दुसऱ्या टोकाला बीबीसीचा एलएस३/५ए. प्रक्षेपणाच्या गाडीत मावावा म्हणून १९७० च्या दशकात बीबीसीच्याच इंजिनीअरांनी आखलेला, डब्यासारखा लहानसा. त्याच्या क्रॉसओव्हरमध्ये भागांची जत्रा, कारण त्याला केईएफच्या त्या विशिष्ट वूफरचा एक उंचवटा दाबायचा होता. शिवाय ट्वीटरची पातळी बसवायला अनेक टॅप असलेला एक छोटा ट्रान्सफॉर्मर. प्रत्येक नग मोजून त्याचा टॅप निवडायचा. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्या ड्रायव्हरांचे गुणधर्मच बदलत गेले, तेव्हा क्रॉसओव्हर नव्यानं आखावा लागला आणि १५ ओहमचा स्पीकर ११ ओहमचा झाला. म्हणजे क्रॉसओव्हर हा स्वतंत्र भाग नाहीच. तो त्या त्या ड्रायव्हरच्या खोडी लक्षात घेऊन लिहिलेला असतो.

ऑफिसात आमच्याकडे १४ वर्षं जुनी एक फाइल आहे. तिच्यात एक ओळ आहे आणि वर कमेंट: 'हे काढू नका.' का, ते लिहिलेलं नाही. लिहिणारा सोडून गेला. नवीन आलेला प्रत्येक जण ती ओळ काढून बघतो आणि पेमेंटचा कुठला तरी कोपरा कोसळतो. जुन्या क्रॉसओव्हरकडे मी त्या नजरेनं बघते. जे झिजलंय ते बदलायचं, आणि झिजण्याआधी जेवढं होतं तेवढ्यावरच आणायचं. पुढे जायचं नाही.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी नव्हे, शनिवारी (रविवारी बंद असते) मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. इलेक्ट्रोलिटिक नवा मिळत होता, पण मला पुन्हा सुकणारा नको होता. आणि इथे आपला पंखा परत येतो. पंख्याचा कपॅसिटर हा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा असतो, ४४० व्होल्टचा, सुकायला आत ओलं काही नाही. महागड्या ऑडिओ कपॅसिटरांत साधारण हेच द्रव्य असतं, फक्त वर सोनेरी अक्षरं. दुकानदाराला म्हटलं, "अडीचचे दोन आणि सव्वादोनचे दोन." तो म्हणाला, "किती पंखे आहेत घरात?" अडीच आणि सव्वादोन शेजारी शेजारी जोडले की पावणेपाच. हवे होते ४.७, मिळाले ४.७५. चाळीस वर्षांपूर्वी कंपनीला तरी याहून अचूक कुठे मिळत होते?

एक खोच आहे. फिल्मच्या कपॅसिटरच्या पोटात रोध जवळपास नसतोच. जुना इलेक्ट्रोलिटिक नवा असतानाही त्याच्यात थोडासा, अर्ध्या ओहमच्या आसपास, असायचा, आणि ज्यानं कुणी तो २.२ चा रेझिस्टर निवडला त्यानं तो धरूनच निवडला असणार. म्हणून मी २.२ च्या जागी २.७ घेतला. बहुतेक लोक एवढं करत नाहीत आणि मग 'नवा कपॅसिटर टोचतो' म्हणतात.

घरी फराळ आटोपून बॉक्स हॉलमध्ये आडवे केले. (घरी मी 'खोलतो, बघतो, जोडतो' असंच बोलते, आमच्याकडच्या पोरी तशाच बोलतात, इथे शहाण्यासारखं लिहितेय.) आधी प्रत्येक वायरचा फोनवर फोटो, कारण ट्वीटरच्या दोन वायरी उलट्या लागल्या तर वाटणीच्या जागीच दोन्ही भाऊ एकमेकांविरुद्ध ढकलतात आणि तिथे खड्डा पडतो. मग जुने कपॅसिटर काढून मीटरवर. उजवा ४.४, पोटात दीड ओहम. डावा ३.१, पोटात पाच ओहम. म्हणजे डाव्या बॉक्सचा ट्वीटर साडेतीन डेसिबलनं खाली गेला होता. आण्णांची तक्रार खरी ठरली. मला कोण आनंद झाला. मी त्यांना मीटर दाखवला, त्यांनी पाटलासारखी मान हलवली, "म्हटलं न्हवतं?"

सोल्डरिंग करायला तासभर लागला. नंतर मोजण्याचा माइक लावून लॅपटॉपवर आलेख काढला. दोन्ही बॉक्स एकमेकांवर जवळजवळ एका रेघेत. ३ किलोहर्ट्झच्या वर डाव्याची रेघ उठून उजव्याला मिळाली होती. मी कॅसेटऐवजी फोनवरून भजन लावलं. टाळ असा आला की आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "बाई गं, देवळात बसल्यासारखं वाटतंय."

आण्णा डोळे मिटून ऐकत होते. गाणं संपलं.

"पखवाज बेस झालाय," म्हणाले. "पण टाळ न्हाई आला अजून."

मी आवाज वाढवला. ते बॉक्सच्या आणखी जवळ सरकले. टाळ ऐन भरात होता. मला माझ्या दाढा किणकिणल्यासारख्या वाटत होत्या. आण्णा माझ्याकडे बघत होते, काम अर्धवट टाकलेल्या हेल्पराकडे बघतात तसे, रागानं नाही, 'अजून बघ की' अशा अर्थानं.

मी फोनवर टोन जनरेटर उघडला. ५०० हर्ट्झ: "येतंय." १०००: "येतंय." २०००: "येतंय की, बारीक." ३०००: थोडं थांबून, "हं." ४०००.

काही नाही. ते वाट बघत राहिले.

"लाव की."

लावलेला होता. पाच फुटांवर ४००० हर्ट्झची शिट्टी हॉलभर फिरत होती आणि आईनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते. "बंद कर ते, डोकं उठलं!" आण्णांनी आईकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग बॉक्सकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला नीट लिहिता येणार नाही. जॉबर माणूस, बिघाड कुठे आहे ते त्यांना माझ्याआधी कळलं.

डीबगिंगमधला हा सगळ्यात ओंगळ प्रकार: दोन बग एकाच ठिकाणी. एक दुसऱ्याला झाकतो. कपॅसिटर सुकत होता आणि कान जात होता, दोन्ही हळूहळू, दोन्ही त्याच पट्टीत. बॉक्स उघडले नसते तर आणखी दहा वर्षं आम्ही बॉक्सलाच बोल लावला असता. आणि मागे वळून बघितलं तर सगळं समोरच होतं. टीव्हीचा आवाज. 'तोंडातल्या तोंडात का बोलता गं' ही कायमची तक्रार. मंडईत भाजीवाला 'साठ' म्हणाला की आण्णा आईकडे बघतात, कारण त्यांना साठ, आठ आणि पाठ एकच ऐकू येतं. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते पोचतात. 'स' पोचत नाही. म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय ते कळत नाही. घरातल्यांना वाटतं, लक्ष देत नाहीत.

कोल्हापूरला कानाच्या डॉक्टरांकडे ऑडिओग्राम काढला. तो कागद हातात आला तेव्हा मला तो ओळखीचा वाटला. आडवी रेघ हर्ट्झची, उभी डेसिबलची. फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सच की! १ किलोहर्ट्झपर्यंत बरा, २ ला उतार, ४ ला ७० डेसिबलचा खड्डा, ८ ला पुन्हा थोडा वर. नुसत्या वयानं गेलेला कान शेवटपर्यंत उतरत जातो. ४ किलोहर्ट्झला खड्डा पडून पुढे रेघ वर येणं ही गोंगाटाची सही. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची, एका टोकाला पडद्यानं बंद. अशी नळी ३ किलोहर्ट्झच्या आसपास आपोआप घुमते. म्हणजे बाहेरचा गोंगाट नेमका त्या भागात मोठा होऊन आत जातो, आणि नुकसान त्याच्या थोडं वर होतं. आतल्या केशपेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. त्या बदलायला तपकीर गल्ली नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" आण्णा म्हणाले, "माग." डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही, लिहायला घेतलं.

कारखाने कायद्यात हे सगळं लिहिलेलं होतं. गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा १९४८ च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत होता. आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा होती. पण आण्णांच्या उमेदीच्या काळात विजेवर चालणारी जागा कायद्यानं 'कारखाना' ठरायला तिथे किमान दहा माणसं लागायची. सोळा मागांची शेड, एका पाळीला चार विणकर, एक कांडीवाला, एक जॉबर. मोजा. आण्णांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "कापूस घालायचो की कानात कवा कवा. पण मग मागाचं ऐकू यायचं न्हाई." ज्या कानावर पोट होतं तोच झाकायचा कसा?

परत येताना एसटीत त्यांनी मला विचारलं, "तुझ्या त्या क्रॉसओव्हरमधनं टाळ वाढवता येईल का? माझ्यापुरता?"

हा प्रश्न मी आठवडाभर डोक्यात घेऊन फिरले, कारण आजवर मी जे तत्त्व म्हणून सांगत होते ('पुढे जायचं नाही') ते मोडायला हे कारण पुरेसं होतं. बॉक्स मूळ बरहुकूम ठेवायचा तो कुणासाठी? ऐकणारे ते एकटे. पण आकडे ऐकत नाहीत. तो २.७ चा रेझिस्टर पूर्ण काढून टाकला तरी ट्वीटर वाढतो जेमतेम अडीच डेसिबलनं. आण्णांना हवे होते निदान ४०. चाळीस डेसिबल म्हणजे दहा हजार पट ताकद. घरात ऐकताना ट्वीटरला दशांश वॉट मिळत असेल तर त्याला १००० वॉट द्यावे लागतील. तो पहिल्या टाळेला धूर सोडेल, आणि आई घर. शिवाय असा दुखावलेला कान हलका आवाज ऐकत नाही पण मोठा आवाज त्याला एकदम टोचतो, मधली ऐसपैस जागाच उरलेली नसते. म्हणजे सरसकट वाढवून उपयोग नाही. हलकं असेल ते जास्त वाढवायचं, मोठं असेल ते कमी, आणि तेही प्रत्येक पट्टीला वेगळं.

हे काम करणारं यंत्र असतं. डिजिटल श्रवणयंत्र येणारा आवाज बारा-सोळा पट्ट्यांत वाटतं, ऑडिओग्राम बघून प्रत्येक पट्टी हवी तेवढी वाढवतं आणि पुन्हा एकत्र करून कानात सोडतं. वाटणीच. मी आण्णांना तसंच सांगितलं: "हे कानात घालायचं क्रॉसओव्हर आहे." ते म्हणाले, "बरं समजावतीस. पण लोकांस्नी दिसतंय न्हवं?" नाही म्हणण्यात चार महिने गेले. शेवटी हो म्हणाले ते माझ्या युक्तिवादानं नाही. भाचीचं लहान लेकरू त्यांच्याशी बोलायला आलं आणि दोनदा सांगून कंटाळून आईकडे निघून गेलं, म्हणून.

पहिल्या दिवशी यंत्र घालून ते वैतागले. कॅरीबॅग चुरचुरते, बशी आपटते, स्वतःचीच चप्पल वाजते. "घरात एवढा आवाज असतोय?" टाळ लावला तर म्हणाले, पत्र्यावर खिळे ओतल्यासारखा येतोय. त्यात तथ्य होतं. यंत्र बोलणं कळावं म्हणून बसवलेलं असतं, टाळेसाठी नाही. दोनदा जाऊन संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करून घेतला. आता बरा येतो म्हणतात. पूर्वीचा नाही. बॉक्सच्या मागे मी ए-२५ सारखा एक स्विच बसवलाय, तीन टप्प्यांचा; आण्णा ऐकायला बसले की वर, आई ऐकत असेल तर मधे. आई म्हणते, वर असला की भाजी चिरताना सुरी उडते.

हे झाल्यावर गल्लीत पसरलं की जॉबराची पोरगी बॉक्स दुरुस्त करते. या मे महिन्यात घरी गेले तर आण्णांच्या शेडमधले तिघं-चौघं आपापले बॉक्स घेऊन आले. सगळ्यांची तक्रार तीच, वरचं ऐकू येत नाही. मी बॉक्स उघडायच्या आधी सगळ्यांना प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं, आमचे बॉक्स चालू केले आणि म्हटलं, ऐकू येईल तोवर हात वर ठेवा. ही काही तपासणी नव्हे, हे त्यांना बजावून सांगितलं. १००० ला सगळे हात वर. २००० ला दोन कोपरापर्यंत उतरले. ३००० ला एकच उरला. ४००० ला सगळे हात मांडीवर, आणि चौघंही माझ्याकडे बघत, आता पुढचं लाव म्हणून. दारातून खेळणाऱ्या पोरांनी कानात बोटं घालून पळ काढला तेव्हा त्यांच्यातल्या एकाला काहीतरी उमगलं. बाकीच्यांना त्यानं खुणेनंच सांगितलं, शेडमध्ये सांगायचे तसं.

मी कोल्हापूरच्या दवाखान्याचा पत्ता एका कागदावर चार वेळा लिहून दिला. दोघं जाऊन आले. तिसरे म्हणाले, बघू. चौथ्या काकांनी सरळ व्यवहाराचं विचारलं.

"बॉक्सचं किती?"

"९० रुपये. कपॅसिटर आणि रेझिस्टर धरून."

"आणि कानाचं?"

"साधं घेतलं तर एका कानाला वीस-बावीस हजार. दोन्ही घातले तर बरं."

त्यांनी मनात कायतरी जुळवलं. मग बॉक्स माझ्याकडे सरकवला.

"मग सध्या ह्याचंच कर."

त्यांच्यात ३.३ चा आहे. पंख्याचा ३.१५ चा मिळतो, तो चालून जाईल.